झेंडा कोणाचा आणि सही कोणाची?

‘ताई, मी चाकणच्या एका कारखान्यात १४ वर्षं काम करतो. आमच्या अंतर्गत युनियनचा जनरल सेक्रेटरी आहे. कायम कामगार ४१२, कंत्राटी साधारण तेवढेच. आमची युनियन कुठल्याच मोठ्या संघटनेशी जोडलेली नाही. मागचा वेतनकरार आम्ही आमच्या आम्हीच केला आणि फसलो. कंपनीनं बाहेरून सल्लागार आणला होता, आमच्याकडे फक्त कॅल्क्युलेटर होता. आता नव्या कराराची वेळ आली आहे, म्हणून केंद्रीय संघटनेत जावं असं चाललंय. काही जण लाल झेंडा म्हणतात, काही भारतीय मजदूर संघ म्हणतात आणि बरेच जण म्हणतात, राजकारणवाले नकोतच. घरी तर वेगळंच. आजोबा गिरणीत होते, लाल बावट्याचे. वडिलांची नोकरी १९८२च्या संपात गेली. काँग्रेसवाल्यांच्या इंटकचं नाव काढलं तर ते ताटावरून उठतात. सासरे मजदूर संघाचे, त्यांचा दर आठवड्याला फोन. मी मजदूर संघाच्या माणसांना भेटलो हे कळल्यापासून वडील माझ्याशी बोलत नाहीत. कामगार एकच, मग संघटना इतक्या का? राजकारण नसलेली एखादी आहे का? आणि आम्ही कुठे जावं? सभा पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. – द्विधा’

प्रिय द्विधा,

तुमच्या पत्रातले तीन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले: ‘कंत्राटी साधारण तेवढेच.’ त्यांच्याकडे मी परत येणार आहे, विसरले असं समजू नका.

आधी मी कुठून बोलते ते सांगते. १९७९ साली मुंबईत एका युनियनच्या कचेरीत मी टायपिस्ट म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मागणीपत्रं, संपाच्या नोटिसा, करारनामे, शोकसभेचे ठराव, सगळं माझ्या बोटांखालून गेलं. युनियन कुठल्या झेंड्याची, ते सांगत नाही. सांगितलं तर पुढचं सगळं तुम्ही त्या हिशेबानं वाचाल, आणि तुमचे वडील किंवा सासरे, दोघांपैकी एक जण हे सदर वाचणं सोडून देतील.

राजकारणापासून सुरुवात करू, कारण तुमच्या सभेत सर्वांत जास्त टाळ्या ‘राजकारण नको’ म्हणणाऱ्यालाच मिळणार आहेत. ते म्हणणं मला कळतं. पण देशातली पहिली केंद्रीय संघटना कशी जन्मली ते पाहा. १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली. तिच्या परिषदेला प्रत्येक देशानं सरकारचे, मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी पाठवायचे होते, आणि कामगारांचा प्रतिनिधी देशातल्या प्रातिनिधिक कामगार संघटनेच्या संमतीनं निवडायचा होता. आपल्याकडे तशी देशव्यापी संघटनाच नव्हती. मग सरकारनं आपल्या मनानं नाव ठरवलं आणि नारायण मल्हार जोशी वॉशिंग्टनला गेले. माणूस चांगला होता. रायगडातल्या गोरेगावचे, भारत सेवक समाजाचे, मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभी करणारे. पण कामगारांच्या वतीनं कोण बोलणार हे सरकारनं का ठरवावं, हा प्रश्न उरलाच. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईच्या एम्पायर थिएटरात ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक, स्थापन झाली, त्यामागे हे मोठं कारण होतं. खुर्ची आधी आली, तिच्यावर बसणारी संघटना मागाहून.

पहिले अध्यक्ष लाला लजपत राय. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते कलकत्त्याला राष्ट्रीय काँग्रेसच्या विशेष अधिवेशनाचे अध्यक्ष होते, ऑक्टोबरअखेर मुंबईत कामगारांच्या काँग्रेसचे. उपाध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, टिळकांचे सहकारी. यात राजकारण कुठे सुरू झालं असं तुम्ही मला विचाराल, तर बोट ठेवायला जागा नाही. आणि त्याच्याही १२ वर्षं आधी, १९०८ मध्ये, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं होतं. तेव्हा ना वर्गणी होती ना पावतीपुस्तक.

राजकारणापासून लांब राहण्याचा खरा प्रयत्न झाला तो अहमदाबादेत. १९१८च्या संपानंतर अनसूयाबेन साराभाई आणि गांधीजींच्या प्रेरणेनं १९२० मध्ये मजूर महाजन उभं राहिलं. आधी बोलणी, मग लवाद, संप अगदी शेवटी. ही संघटना आयटकमध्ये कधीच गेली नाही. गुलझारीलाल नंदा १९२२ पासून तिचे सचिव होते. १९४६ मध्ये तेच मुंबई प्रांताचे कामगारमंत्री झाले, आणि ३ मे १९४७ रोजी इंटक स्थापन झाली तेव्हा तिचा कणा मजूर महाजन होतं, तिच्यामागे सरदार पटेल होते आणि उद्घाटनाला काँग्रेसचे अध्यक्ष आचार्य कृपलानी. २७ वर्षं राजकारणापासून अंतर राखलेली संघटना शेवटी सत्तेतल्या पक्षाच्या संघटनेचा पाया झाली. मी याला ढोंग म्हणत नाही. बोनस, महागाई भत्ता, कामाचे तास हे सगळं कायद्यात बसतं आणि कायदा विधानसभेत होतो, मग राजकारण टाळून कुठे जाणार? त्यामुळे ‘राजकारण नसलेली एखादी आहे का?’ याचं उत्तर नाही असंच आहे. असल्याचा दावा करणारी आहे, एवढंच.

आता संघटना इतक्या का. हा प्रश्न तुम्ही भाबडेपणानं विचारलाय, पण तो फार जुना आहे.

पहिली फूट १९२९ मध्ये नागपूरला पडली. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मीरत खटल्यासाठी डाव्या कामगार पुढाऱ्यांची धरपकड झाली होती, वातावरण तापलेलं. ब्रिटिश सरकारनं कामगारांच्या प्रश्नांवर रॉयल कमिशन नेमलं होतं, अध्यक्ष व्हिटली. त्यावर बहिष्कार टाकायचा की त्याच्यापुढे जायचं, हा वाद. गंमत म्हणजे त्या कमिशनवर सदस्य म्हणून खुद्द ना. म. जोशी आणि आयटकचे पहिले सरचिटणीस दिवाण चमनलाल होते! बहिष्काराचा ठराव झाला आणि जोशी, व्ही. व्ही. गिरी आणि त्यांच्याबरोबरच्या युनियन्स बाहेर पडल्या, त्यांनी आपली वेगळी फेडरेशन काढली. ज्यांनी संस्था उभी करायला हाडं झिजवली, तेच तिच्या दारातून बाहेर. दोन वर्षांनी कलकत्त्यात, सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असताना, उरलेल्यांतून कम्युनिस्टांचा एक गट फुटला आणि त्यांनी रेड ट्रेड युनियन काँग्रेस काढली. म्हणजे १९३१ साली देशात मंदी, गिरण्यांत पगारकपात, आणि कामगारांच्या तीन राष्ट्रीय संघटना.

त्या एकत्र कशा आल्या, ते तुमच्या कामाचं आहे. रेडवाले १९३५ मध्ये परतले. जोशी-गिरींची फेडरेशन १९३८ मध्ये नागपूरलाच समझोता करून आयटकशी जोडली गेली आणि १९४० मध्ये पूर्ण विलीन झाली. समझोत्यात एक अट होती: राजकीय प्रश्नावर आणि संपावर निर्णय साध्या बहुमतानं घ्यायचा नाही, तीन चतुर्थांश मतं लागतील. या अटीवर पुस्तकांतून फारसं कोणी लिहीत नाही, फुटींवर मात्र पानंच्या पानं असतात. पण तशाच अटींवर जोशींसारखा मवाळ माणूस सरचिटणीस म्हणून कम्युनिस्टांबरोबर १९४८ पर्यंत एका छपराखाली राहिला, आणि तेही महायुद्धात. त्या युद्धाला पाठिंबा देण्यासाठी मानवेंद्रनाथ रॉय यांचा गट १९४१ मध्ये वेगळा झाला होता. ही तीन चतुर्थांशांची अट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

स्वातंत्र्यानंतरच्या फुटी भराभर सांगते. १९४७ इंटक. समाजवादी काँग्रेसमधून बाहेर पडले त्या वर्षी, १९४८च्या डिसेंबरात, हावड्याला हिंद मजदूर सभा. १९४९ मध्ये इतर डाव्यांची यूटीयूसी. जनसंघ १९५१चा; २३ जुलै १९५५ रोजी भोपाळला आपल्या आर्वीच्या दत्तोपंत ठेंगडींनी भारतीय मजदूर संघ काढला. मे दिनाऐवजी विश्वकर्मा जयंती, लाल झेंड्याऐवजी भगवा. त्याआधी त्यांनी इंटकमध्येच काम केलं होतं, हे सासऱ्यांना विचारून बघा. कम्युनिस्ट पक्ष १९६४ मध्ये फुटला आणि १९७० मध्ये आयटकमधून मार्क्सवाद्यांची सिटू निघाली. या तारखा पक्षांच्या तारखांशेजारी ठेवल्या की दिसतं: कामगारांच्या पगारावरून एकही फूट पडलेली नाही.

पण यावरून ‘सगळे पक्षांचे बटीक’ असं तुम्ही सभेत म्हणू नका, कारण तेही खरं नाही. वाजपेयींचं सरकार असताना त्याच्या आर्थिक धोरणांवर सर्वांत बोचरी जाहीर टीका करणाऱ्यांत ठेंगडी होते. २००८ मध्ये पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य उद्योजकांपुढे बंदविरुद्ध बोलले, तेव्हा त्यांच्याच पक्षाला आणि सिटूला ते झोंबलं. आपला पक्ष सत्तेत असतो तेव्हा संघटनेची खरी परीक्षा होते. भेटायला येतील त्या प्रत्येकाला एवढंच विचारा: तुमच्या जवळच्या पक्षाचं सरकार असताना, त्या सरकारच्या कुठल्या निर्णयाविरुद्ध तुम्ही रस्त्यावर आलात? सांगताना माणूस किती वेळ घेतो तेही बघा.

आता वडिलांचं. ते ताटावरून का उठतात, हे समजल्याशिवाय सभेला जाऊ नका.

१९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला आणि त्यातून डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर यांची गिरणी कामगार युनियन वाढली. तुमच्या आजोबांचा लाल बावटा तो हाच. वर्षअखेर तिचे ५० हजारांवर सभासद होते. एवढी ताकद कायद्याच्या चौकटीत कशी बसवायची, हा पुढच्या प्रत्येक सरकारपुढचा प्रश्न होता. १९३८ मध्ये मुंबई प्रांतातल्या काँग्रेस मंत्रिमंडळानं औद्योगिक कलह विधेयक आणलं. संपावर येणाऱ्या बंधनांविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला, आणि त्यात डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून होते. कायदा झालाच. त्याच्या जागी १९४६ मध्ये मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला, ज्याला गिरणगावात नुसतं ‘बीआयआर’ म्हणत. तो आणणारे कामगारमंत्री नंदा. या कायद्याचा गाभा असा, की एका भागातल्या एका उद्योगात प्रातिनिधिक युनियन एकच. मालकाशी बोलणार ती, करारावर सही करणार ती, आणि तिची सही सगळ्यांना लागू, मग तुम्ही तिचे सभासद असा वा नसा. मुंबईच्या कापड गिरण्यांत ती जागा इंटकच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. ती ठरायची सभासदांच्या नोंदींवरून. गुप्त मतदान नव्हतं.

१९८१च्या दिवाळीत बोनसवरून कामगार चिडले आणि डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. सामंत कुठल्याच मोठ्या केंद्रीय संघटनेचे नव्हते, हे लक्षात घ्या. १८ जानेवारी १९८२ पासून जवळजवळ अडीच लाख कामगार संपावर. त्यांच्या मागण्यांत पगार होताच, पण बीआयआर कायदा जावा हीदेखील होती. सरकार आणि मालक म्हणाले, मान्यताप्राप्त युनियन दुसरी आहे, सामंतांशी बोलायचं कशाला? कामगार एकीकडे आणि सही दुसरीकडे, आणि त्या दोहोंच्या मधल्या फटीत गिरणगाव गेलं. तो संप अधिकृतपणे कोणी कधी मागे घेतलाच नाही.

आमच्या कचेरीखाली चहाच्या टपरीवर त्या दिवसांत एका कामगारानं मला खिशातल्या दोन पावत्या दाखवल्या होत्या, एक मिल मजदूर संघाची आणि एक डॉक्टरांच्या युनियनची. म्हणाला, ‘ही जुनी, ही आत्ताची. सरकार जुनीच मोजतंय.’ पुढे तो भाजीची गाडी लावायचा. तुमच्या वडिलांच्या खिशात तेव्हा काय होतं मला माहीत नाही. पण मला वाटतं, त्यांचा राग ‘इंटक’ या तीन अक्षरांवर आहे त्याहून जास्त, आपल्याला न विचारता आपल्या नावानं झालेल्या सहीवर आहे. तुम्ही त्यांना न सांगता कुणाला तरी भेटलात, तेव्हा ते नेमकं तेच दुखणं पुन्हा दुखलं.

म्हणून माझा सल्ला झेंड्यापाशी सुरू होत नाही, तुमच्या घटनेपाशी सुरू होतो. युनियनची नोंदलेली घटना कपाटातून काढा. शेवटची कधी वाचली होती ते विचारत नाही. तिच्यात दुरुस्ती करून घ्या, की कोणत्याही वेतनकरारावर सही करण्याआधी मसुदा सर्वसाधारण सभेपुढे वाचला जाईल आणि त्यावर गुप्त मतदान होईल. संलग्नता घेणं, बदलणं, सोडणं आणि संप, या गोष्टींना तीन चतुर्थांश मतं. १९३८ची तीच नागपुरी अट. मग संलग्नता कोणाचीही घ्या, पुण्या-मुंबईतून आलेला पुढारी तुमच्या वतीनं परस्पर काही लिहून देऊ शकणार नाही. जी संघटना हे कलम बघून नाक मुरडेल, तिचा विषय तिथेच संपला.

वर्गणीचंही बघा. राजकीय कामासाठी युनियनला वेगळा निधी उभारता येतो, पण तो वेगळाच ठेवावा लागतो, त्यात पैसे देण्याची सक्ती करता येत नाही आणि न देणाऱ्या सभासदाला लाभांपासून दूर ठेवता येत नाही. १९२६च्या ट्रेड युनियन कायद्यात हे होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. ‘राजकारण नको’ म्हणणाऱ्यांना हे वाचून दाखवा, अर्धे गार होतील. बाहेरचे पदाधिकारीही एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यांतली जी संख्या कमी तेवढेच घेता येतात. जनरल सेक्रेटरीचं पद मात्र कारखान्यातल्याच माणसाकडे ठेवा. हे मी तुमच्याकडे ते पद आहे म्हणून म्हणत नाही.

आणि गणित. ही औद्योगिक संबंध संहिता केंद्रानं २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केली. एकाहून जास्त युनियन असतील तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाटी करणार. तेवढे कुणाकडेच नसतील तर २० टक्के किंवा अधिक पाठिंबा असलेल्या युनियन्सची मिळून वाटाघाटी परिषद. तुमचे ४१२ धरले तर एकट्यानं बोलायला २११ लागतील, परिषदेत शिरायला ८३. सभेनंतर तुमच्यात तीन तट पडले, तीन पावतीपुस्तकं निघाली, तर कोणाकडेच २११ नसतील आणि कंपनीच्या त्या सल्लागाराला टेबलाच्या एका बाजूला तीन भांडणारे गट मिळतील. त्याची फी तुम्हीच वसूल करून दिल्यासारखं होईल. राज्याचे नियम आणि जुन्या राज्य कायद्याखालची मान्यता यांचं काय होतं, ते कामगार न्यायालयात रोज उभ्या राहणाऱ्या वकिलाकडून समजून घ्या, पुढाऱ्याकडून नको.

ही संहिता चार नव्या कामगार संहितांपैकी एक, आणि त्यांवरही केंद्रीय संघटना एकमताच्या नाहीत. दहा संघटनांच्या संयुक्त मंचानं चारही संहितांविरुद्ध देशव्यापी संप केले, ९ जुलै २०२५चा त्यांतलाच. मजदूर संघ त्यात नव्हता. वेतन आणि सामाजिक सुरक्षेच्या संहितांचं त्यानं स्वागत केलं आणि उरलेल्या दोन्हींवर आक्षेप घेतले. तुमच्या सभेत या मुद्द्यावर आरडाओरडा होईल. होऊ द्या, पण दोन्ही बाजूंच्या माणसांना समोर बसवून, एकाच दिवशी. सासऱ्यांच्या फोनवरून किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांवरून नको.

मग जावं की नाही? जावं असं माझं मत आहे. एकटी अंतर्गत युनियन दर तीन-चार वर्षांनी एकदा करार करते, केंद्रीय संघटनेचा माणूस वर्षभर तेच करत असतो. आजूबाजूच्या कारखान्यांत कोणत्या तारखेपासून किती वाढ झाली, कुठल्या अटीवर कोणी चूक केली, हे त्याच्या वहीत असतं, आणि वाटाघाटीत ती वही लागते. त्यामुळे दिल्लीतल्या नेत्याचं भाषण ऐकून ठरवू नका. तुमच्या पट्ट्यातला त्यांचा संघटक कोण, त्यानं गेल्या दोन वर्षांत केलेले करार दाखवतो का, ज्या कारखान्यात हरला तिथल्या कामगारांचा फोन नंबर देतो का, ते बघा. तीन चतुर्थांश मतं कुणालाच पडली नाहीत तर या करारापुरतं स्वतंत्र राहा, सल्ल्यापुरती मदत घ्या आणि फूट टाळा. त्यात कमीपणा नाही.

आता ते ‘साधारण तेवढेच’.

१९२८च्या त्या मोठ्या संपात मागण्यांची लांबलचक यादी होती. पण गिरणीतल्या विणाई खात्यात, जिथे पगार बरा होता, अस्पृश्य कामगारांना घेतच नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि सवर्ण कामगारांना विटाळ चालत नसे. मालकानं नाही, शेजारी उभ्या असलेल्या कामगारानं दार बंद केलेलं. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, की तुमच्या मागण्यांत हे का नाही? दहा वर्षांनी ते कम्युनिस्टांबरोबर संपात उतरले, पण तो प्रश्न सोडून देऊन नव्हे.

त्याच्याही मागे जा. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला सभा घेऊन साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला, पहिली मागणी आठवड्याला एक सुट्टी. रविवार खंडोबाचा वार, तो द्या, असंही त्यांनी म्हटल्याचं सांगितलं जातं. १० जून १८९० पासून ती मिळाली. त्या अर्जावर कोणी कायम, कोणी बदली, असं काही नव्हतं. आणि अहमदाबादेत १९७२ मध्ये इला भट्ट स्वयंरोजगार करणाऱ्या बायकांच्या ‘सेवा’ची नोंदणी करायला गेल्या तेव्हा कामगार खातं म्हणालं, तुमच्या बायकांना मालकच नाही, मग युनियन कशी? त्यांनी नोंदणी करूनच घेतली. ‘सेवा’ मजूर महाजनमधूनच वाढली आणि १९८१ मध्ये मजूर महाजननंच तिला बाहेर काढलं. आज ती स्वतः मान्यताप्राप्त केंद्रीय संघटनांत आहे.

तुमच्या मशीनवर शेजारी उभा राहून तेच काम निम्म्या पगारात करणारा माणूस तुमच्या पत्रात फक्त संख्या म्हणून आलाय, तीही ‘साधारण’. तुमची घटना त्याला सभासद होऊ देते का, ते बघा. कंपनीचा सल्लागार मागच्या वेळी का जिंकला, याचं एक उत्तर तिथेच सापडेल. तुम्ही काम बंद केलंत तरी लाइन चालू राहणार हे त्याला माहीत होतं. भेटायला येणाऱ्या संघटनांना शेवटचा प्रश्न हाच विचारा: कंत्राटी कामगारांना एकाच मागणीपत्रात घेऊन करार कुठे केलात? मला विचाराल, तर याचं सर्वांत बरं उत्तर देईल तिच्याकडे झुका, झेंडा मग कुठलाही असो.

राहता राहिले वडील. सभेच्या आधी घटनादुरुस्तीचा कच्चा मसुदा हातानं लिहून काढा आणि घेऊन त्यांच्याकडे जा. मजदूर संघाच्या माणसांना भेटलात ते आधी आपणहून सांगा, पटवून देण्याच्या भानगडीत पडू नका. मग सहीआधी मतदानाचं कलम मोठ्यानं वाचा. गिरणीतल्या माणसाला मसुद्यातली पळवाट तुमच्या-माझ्या आधी दिसते. त्यांना पेन द्या आणि दुरुस्त करायला सांगा. बोलले नाहीत तरी कागदावर लिहितील. त्यांनी काय खोडलं आणि काय वाढवलं ते मला नक्की कळवा, आणि कंत्राटी कामगारांच्या कलमाशेजारी काही लिहिलं असेल तर ते सर्वांत आधी.

– ताई